मागच्या चाकाचा आकडा

मैत्रेयीचं लग्न झालं ते २०२५ साली. सासरी निघताना तिनं वडिलांना, शामकांत सरांना, भारी सायकल घेऊन दिली आणि बजावलं, "खड्ड्यात घातलीत तर काढून नेईन." सरांचं भाग्य उजळलं. पथ्याच्या नावाखाली घरात भाजी-भाकरी आणि सायकलवर खर्डा गावाला जाऊन भजी, असं झकास चाललं होतं. नव्या वर्षाच्या दहा जानेवारीला त्याच रस्त्यावर त्यांनी सायकल खड्ड्यात घातली. आणि पुढच्या रविवारी मैत्रेयी येणार होती.

जामखेडात बाबाजानचं सायकल दुकान. त्यानं मागचं चाक फिरवून पाहिलं.

"आऊट झालंय, वाकडं फिरतंय. बसा सर, तारा ताणून धा मिनटात काढतो."

"थांबा बाबाजान! तारा किती ताणायच्या, ते कंपनी ठरवते. पोरगी इंजिनिअर आहे. मीटर लावून बघेल ती!"

"मग इचारा कंपनीला."

सरांनी फोन लावला. पाऊण तास सनई ऐकल्यावर एक बाई म्हणाली, "रिमवरचा नंबर सांगा, सर."

नंबर होता रिमच्या आत, पट्टीखाली. टायर काढला, ट्यूब काढली, पट्टी सोलली. नंबरावर चिकटा होता. "रॉकेलनं पुसा," सर म्हणाले. बाबाजाननं पुसलं. चिकटा गेला आणि नंबरही गेला.

"पुढचं चाक त्याच कंपनीचं आहे. ते खोला!"

"सर, ते चांगलं हाय की."

"खोला म्हणतो ना!"

पुढचं खोललं. नंबर सापडला. बाई म्हणाली, "हा पुढच्या चाकाचा, सर. मागच्याचा ताण वेगळा असतो."

सर ओरडले, "मग शोधा ना, बाई! खर्ड्याच्या रस्त्यावर खड्ड्यात वाकलंय, असं लिहा हवं तर!"

"लिहिलं, सर. कळवते."

चार दिवस झाले. सायकल दोन्ही चाकांविना दुकानात टांगलेली आणि सर सकाळ-संध्याकाळ चकरा मारताहेत. शनिवारी बाबाजाननं विडी विझवली. "सर, रागावू नका. ताणाचा आकडा आला, तर मी मोजू कशानं? माज्याकडं मीटर कुठं हाय?"

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. मैत्रेयी होती.

"बाबा, सायकल माझ्या नावावर आहे, त्यामुळं कंपनीचा मेसेज मला आलाय. खड्डा, खर्डा, सगळं लिहिलंय. खर्ड्याला काय होतं?"

"अगं, किल्ला..."

"रोज? आई म्हणते, शर्टाला भज्यांचा वास येतो. उद्या सायकल डिकीत घालून नेतेय मी."

सरांनी शर्ट हुंगून पाहिला. "बरं, आकडा तरी कळवलाय का?"

कळवला नव्हता. कंपनीनं लिहिलं होतं, की मागच्या रिमचा आकडा लेखी कुठंच नाही, तो चाकं जुळवणाऱ्या रामहरींना तोंडपाठ होता. रामहरी नऊ जानेवारी २०२६ रोजी, सर खड्ड्यात गेले त्याच्या आदल्या दिवशी, वारले.