अनसाकाकूंच्या लोण्याच्या तीन वाट्या

अनसाकाकू खोली भाड्यानं देताना आधी भाडं सांगत नाहीत. आधार कार्ड मागत नाहीत, गाव विचारत नाहीत, घरात मटण करता का हेही विचारत नाहीत. त्या आत जातात, तव्यावर भाकरी टाकतात आणि आलेल्या माणसापुढं ताट ठेवतात. ताटात गरम भाकरी आणि तीन वाट्या. तिन्ही वाट्यांत लोणी. मग समोर मांडी घालून बसतात आणि म्हणतात, "खा. आन् कोणतं आवडलं ते नाव घेऊन सांग."

त्या उत्तरावर खोली मिळते किंवा मिळत नाही.

काकूंचं घर चिकलठाण्याच्या जुन्या गावात आहे. पूर्वी आवारात त्यांच्या म्हशी असायच्या. शेतातून रस्ता गेला, मग म्हशी गेल्या आणि गोठ्याच्या जागी चार खोल्या उभ्या राहिल्या. काकांना जाऊनही बरीच वर्षं झाली. मुलगी नाशिकला दिली आहे. काकू म्हणतात, "म्हशीपरीस भाडेकरू बरे. दूध देत नाय, पण लाथ बी मारत नाय." थोडं थांबून पुढं म्हणतात, "सगळे नाय मारत."

पहिल्या वाटीत असतं घरचं पांढरं लोणी. म्हशी गेल्या तरी काकू विकतच्या दुधाची साय साठवतात, विरजतात आणि रवीनं घुसळतात. दुसऱ्या वाटीत दुकानातलं पिवळं, मिठाचं, पाकिटातलं. तिसऱ्या वाटीत असतं ते मोठ्या डब्यातून सुटं मिळतं. पावभाजीचे गाडीवाले वापरतात ते. टाळूला मेणासारखं चिकटतं. काकू त्याला लोणी मानतच नाहीत. "हे लोण्याचं सोंग हाय," म्हणतात. पण त्याची वाटी ठेवल्याशिवाय राहत नाहीत. "एखाद्याला सोंगच आवडतं. त्यानं काय करावं?"

भाकरी झाली की तीन लहान धपाटी येतात, एकेका लोण्यावर भाजलेली. कारण काकूंच्या मते लावायचं लोणी वेगळं आणि भाजायचं वेगळं. दोन्हीला एकच वापरणारा माणूस त्यांना आळशी वाटतो.

सलीम म्हणून एक वेल्डिंग करणारा पोरगा खोली बघायला आला होता. त्यानं तिन्ही वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या आणि तिसरीवर बोट ठेवलं. "खाला, येच सबसे अच्छा हय."

काकूंनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या हातानं किल्ली पुढं केली. सलीम अजून शेजारच्या खोलीत राहतो. त्याच्याबद्दल काकू सगळ्यांना सांगतात, "तोंडाला चव नाय पोराच्या. पण इमानदारीनं बोलला."

बँकेतल्या एका बाईनं वाट्यांना हातच लावला नाही. म्हणाली, "मला लोणी अजिबात आवडत नाही." काकू खूश झाल्या. "नाय आवडत, हे बी सांगणंच झालं." तिलाही खोली दिली.

पण एक चांगला कमावता माणूस आला. बायको घास चावत होती तोवर हाच म्हणाला, "आमच्या हिला घरचंच आवडतं." काकूंनी ताट उचललं. "तुला नाय विचारलं. तिला विचारलं व्हतं." तो दोन महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायला निघाला. काकू ताट घासायला गेल्या.

खोल्या दाखवणारा एजंट आता गिऱ्हाइकाला आधीच सांगून आणतो, "जेवून येऊ नका, आणि तुमच्या बाईसाहेबांनाच बोलू द्या."

हा त्यांचा स्वभाव घरापुरता नाही. पुतणीला बघायला पाहुणे आले होते. सगळे विचारत होते, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. काकूंनी मध्येच पुतणीला विचारलं, "तुला काय खायला आवडतं गं?" पोरगी बावरली आणि म्हणाली, "चायनीज." काकू मुलाच्या आईला म्हणाल्या, "ऐकलं का? आता तुमच्या पोराला इचारा, आणून देतो का." लग्न जमलं. तो मुलगा दर रविवारी आणून देतो म्हणे.

शहराचं नाव बदललं, रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या. काकूंच्या वाट्या आहेत तशाच राहिल्या.

आम्ही पाचोडकडून आलो तेव्हा आम्हाला हे काही माहीत नव्हतं. आमच्या ह्यांना एमआयडीसीत कंत्राटी काम मिळालं होतं. आम्ही ह्यांच्या मावसभावाच्या स्वयंपाकघरात झोपत होतो. मुलगी सुमन पाच वर्षांची, तिला ओट्याखाली निजवायची. जाऊबाई तोंडानं काही बोलत नव्हत्या, पण भांडी आपटायला लागल्या होत्या. आम्हाला खोली पाहिजेच होती.

काकूंनी ताट ठेवलं. मी तिन्ही घास खाल्ले. काकू माझ्याकडं बघत होत्या. मला लोकांनी बघितलं की बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच आहे. हे लगेच म्हणाले, "तिला कायबी चालतं, काकू. लई साधी हाय."

"तू दम खा," काकू म्हणाल्या. "बोल गं पोरी."

"कोणतंबी चालंल," मी म्हणाले.

"मग खोली बी कोणतीबी चालंल. दुसरी बघा."

ह्यांनी हात जोडले. मी खाली मान घालून बसले. तेवढ्यात सुमन म्हणाली, "मला पिवळं पायजे. अजून."

काकूंनी तिच्याकडं बघितलं. तिच्या नाकालाही लोणी लागलं होतं.

"हिला खोली दिली," काकू म्हणाल्या. "सुमनबाई भाडेकरू. तुम्ही दोघं तिच्याकडं पाहुणे. दसऱ्यापर्यंत ह्या बाईनं तोंड उघडलं तर ऱ्हावा, नाय तर पाहुण्यांनी गावाला जावं."

आम्ही हसलो. काकू हसल्या नाहीत.

दर गुरुवारी त्यांचं ताट यायचं. माझ्या तोंडातून "चांगलंय" याच्या पुढं काही निघायचं नाही. हे रोज शिकवायचे, "अगं, ज्याच्या घरात राहायचं त्याचंच चांगलं म्हणायचं. घरचं पांढरं आवडतं म्हण आणि मोकळी हो." एका गुरुवारी मी तसं म्हणाले.

"खोटं," काकू म्हणाल्या.

मी पांढऱ्याचा अजून एक घास घेतला.

"पांढरं गिळतीस. पिवळं तोंडात धरून ठेवतीस. मी काय आंधळी हाय का?"

त्यांचं खरं होतं. माहेरी लोणी निघालं की त्याचं तूप व्हायचं आणि तूप पाहुण्यांसाठी राहायचं. सासरी लोणी पाचोडच्या बाजारात जायचं. रवी मी घुमवायची. हाताला लागलेलं लोणी सासूबाई माझ्या मनगटापासून बोटांपर्यंत निपटून भांड्यात घ्यायच्या. त्यांचंही चुकत नव्हतं, त्या लोण्यावर घरात मीठमिरची यायची. पण त्यामुळं आपल्याला काय आवडतं याचा विचार करायची वेळच कधी आली नाही. आणि इथं ते पिवळं लोणी खाल्लं. जिभेला आधी थंड लागतं, मग खारट, आणि मग ते भाकरीच्या उबेनं वितळतं. मला ते इतकं आवडलं की लाज वाटली. खेड्यातली बाई, रवी ओढून हाताला घट्टे पडलेले, आणि आवडतं काय, तर दुकानातलं.

दसरा जवळ आला. एजंट एका कुटुंबाला घेऊन आला आणि आमची खोली बाहेरून दाखवून गेला. हे मुकुंदवाडीत खोल्या बघायला लागले. तिथली भाडी आम्हाला झेपत नव्हती. एका दुपारी हे कामावर होते. काकू त्यांच्या स्वयंपाकघरात धपाटी भाजत होत्या. मी वाटी परत द्यायला गेले आणि तिथंच उभी राहिले.

"काय पायजे?" काकूंनी वळून न बघता विचारलं.

त्या बघत नव्हत्या म्हणून जमलं असेल. "लावायला पिवळं," मी म्हणाले. "आन् भाजायला तुमचं."

"आवाज येत नाय."

"लावायला पिवळं! भाजायला तुमचं!"

शेजारून सलीम ओरडला, "खाला, मैं भी सुन लिया. दे दो अब चाबी."

"तू गप," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "कामून?"

"पिवळं तव्यावर लवकर काळं पडतं. तुमचं फेसाळतं, मग धपाट्याला वास सुटतो. पण भाकरीवर घेतलं की तुमचं आंबूस लागतं. पिवळं खारं लागतं. मला खारं आवडतं."

एवढं सलग मी कोणाशी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर कळलं, त्यांच्या लोण्याला मी त्यांच्या तोंडावर आंबूस म्हणाले होते.

"म्हंजे मी एवढी रवी घुमवायची, ती नुसती भाजायच्या लायकीची व्हय?" काकू म्हणाल्या. मग धपाटं उलटवायचं विसरल्या. पदरानं डोळे पुसले. धूर म्हणावं तर घरात गॅस. "ऱ्हा," म्हणाल्या. "पाहिजे तेवढे दिवस ऱ्हा."

मला वाटलं, मी त्यांना दुखावलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी वाटी आली. पिवळ्याची. आणि वर सांगून गेल्या, "आंबूस म्हणली ना, आता ह्याच्यावर जग."

आम्ही त्या खोलीतच राहिलो. सुमन आता सातवीत आहे. काकूंच्या वाट्या मांडायला मी मदत करते, धपाट्यांचं पीठ मीच भिजवते. खोली बघायला येणाऱ्या बायका मान खाली घालून बसल्या की मी पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ जाते. मी त्यांना हळूच म्हणते, "घाबरू नका, खरं सांगा. चुकीचं काही नसतं." काकूंना ऐकू गेलं की काय, असं वाटून मी मागं बघते. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी माझ्या पोटात उजव्या बाजूला दुखायला लागलं. पूर्वीची मी असते तर ओवा खाऊन कामाला लागले असते. ह्यांची पाळी सुटेपर्यंत थांबले असते. पण मी काकूंच्या दारात गेले आणि म्हणाले, "काकू, पोटात दुखतंय. इथं. वाकता येत नाय."

काकूंनी तव्याखालचा गॅस बंद केला. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात सलीमची, अशा त्या रस्त्यावर गेल्या आणि रिक्षा घेऊन आल्या. घाटीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, आजच ऑपरेशन करू, वेळेवर आणलं. ते "वेळेवर आणलं" ऐकून काकू बाकावर मटकन बसल्या. नर्सला वाटलं, पेशंट त्याच आहेत.

घरी सोडलं त्या दिवशी हे कामावरून येईपर्यंत थांबायला काकू तयार नव्हत्या. त्याच मला न्यायला आल्या. रिक्षात मी हळू बसले. रिक्षा जालना रोडला लागली. तेव्हा काकू बाहेर बघत म्हणाल्या, "तुझ्या खोलीत आधी एक व्हती. छाया."

मी हे नाव कधी ऐकलं नव्हतं.

"पैठणकडची. लई गुणाची पोरगी. काय बी इचारा, 'चालतंय की, काकू' म्हणायची. तिच्या बी पोटात दुखत व्हतं. मधी एक भिंत, बाई. मी इचारायची, कशी हायेस? बरी हाय काकू. नवऱ्याला बी तेच, बरी हाय. दवाखान्यात नेलं तवर..."

त्यांनी हातानं तो शब्द बाजूला केला.

"रोज सकाळी भाकरीवर लोणी घालून द्यायचे मी तिला," त्या म्हणाल्या. "रोज. तिला ते आवडत व्हतं का नाय, ते बी मला ठावं नाय."

वाट्या कधीपासून मांडायला लागल्या, हे मी विचारलं नाही. टाके दुखत होते, तरी मी सरकून त्यांच्याजवळ बसले. एवढ्या वर्षांत मला काकूंचे आभार मानायचे होते आणि कधी मानता आले नव्हते. तेव्हाही मानता आले नाहीत. मी म्हणाले, "काकू, कशी व्हती ती?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं. हे त्यांना कोणी विचारलं नसावं.

"उंच व्हती," त्या म्हणाल्या. "दाराच्या चौकटीला डोकं लागायचं तिचं. पाणी भरताना गाणं म्हणायची, आपण गेलो की बंद. कुत्र्याच्या पिल्लांना दूध ठेवायची माझ्या चोरून. मला वाटायचं मांजर पिऊन जातंय..."

रिक्षा घरापुढं थांबली. "मावशी, घर आलं," रिक्षावाला म्हणाला.

"दादा, जरा थांबा," मी म्हणाले.

त्यानं इंजिन बंद केलं. काकू सांगत राहिल्या.