खांबेटे काकांची चिठ्ठी

आमच्या शेजारचे खांबेटे काका भाजी घेताना आधी भाव विचारत नसत, भाजीवालीचं गाव विचारत. मग जुडी उलटी धरून मुळांचा वास घेत. "खत कुठलं? फवारा मारला का?" बाई वैतागून "नाय मारला" म्हणाली, की काकांचा ठरलेला प्रश्न यायचा, "हे तुम्ही पाहिलंत, की ऐकलंत?"

गंमत म्हणजे हा माणूस डोंबिवलीतल्या एका कीटकनाशकाच्या कारखान्यात केमिस्ट होता. दिवसभर औषध तपासायचं आणि संध्याकाळी ते भाजीवर नाही ना, हे बघत फिरायचं. कंपनीच्या कपाटात त्यांना सेंद्रिय शेतीच्या नियमांची एक परदेशी पुस्तिका सापडली होती. तिकडे शेत तपासल्याशिवाय मालावर तशी चिठ्ठी लावत नाहीत, हे वाचलं आणि काका झपाटले. ऐंशीचं दशक संपत आलेलं. आम्हाला 'सेंद्रिय' हा शब्द शाळेच्या पुस्तकापलीकडे ठाऊक नव्हता.

काकांनी मग आपलेच नियम केले. चिठ्ठ्या तीन: 'पाहिलं', 'ऐकलं' आणि 'माहीत नाही'. भाजीवाल्यांच्या जुड्यांना ते स्वतः दोऱ्याने बांधायचे. बहुतेक बाजार 'माहीत नाही'तच गेला. भाजीवाल्यांनी त्या चिठ्ठ्या तोडून टाकल्या, त्याचं काकांना काही वाटलं नाही.

'पाहिलं' मिळालं ते एकट्या हिराबाईला. मानपाड्याला तिचं शेत होतं. तीन महिने दर रविवारी काका तिथे जाऊन बांधावर बसले, शेणखताच्या खड्ड्यात काठी घालून आले, तेव्हा कुठे चिठ्ठी लागली. कॉलनीतल्या बायका तिच्याकडे रांग लावू लागल्या. मी तर नणंदेकडे तिची मेथी चिठ्ठीसकट पाठवली होती.

आणि एका रविवारी काकांना दिसलं, की कारखान्याच्या नाल्याचा काठ ढासळलाय आणि पाणी हिराबाईच्या विहिरीला लागून वाहतंय. सोमवारी तिच्या मेथीवर 'माहीत नाही' आलं. दुपारपर्यंत टोपली भरलेलीच. ती टोपली घेऊन हिराबाई आमचे दोन जिने चढून आली.

"काका, नाला तुमचे कंपनीचा, न चिठ्ठी माजी गेली?"

काकांनी ती टोपली ठेवून घेतली. विहिरीचं पाणी बाटलीत भरून कंपनीत नेलं. साहेबांनी बूच न काढताच परत दिलं. त्यानंतर हिराबाईची उरेल तेवढी मेथी रोज काकांच्या घरी येऊ लागली. भाजी मेथीची, आमटी मेथीची, पोह्यांतही मेथी. आमच्या मजल्याला तोच वास. चिठ्ठीवर एक ओळ वाढली होती: 'माहीत नाही. तपास चालू आहे.'

मला राहवेना. "काका, माहीत नाही, तर खाता कशाला?"

"अगं मंजू, कुणीतरी खाल्ल्याशिवाय कळणार कसं? तुमच्या घरांतून माणसं आहेत, मी एकटाच." हे ते अगदी सहज म्हणाले. मग त्यांनी रोजच्या मेथीची आणि स्वतःच्या तब्येतीची नोंद असलेली एक वही दाखवली आणि माझ्या हातात घराची किल्ली ठेवली. "सकाळी शाळेत शिकवायला निघताना दार वाजवत जा. मी उघडलं नाही, तर आत येऊन वहीत तारीख घाल. नोंद अर्धवट राहायला नको."

मी किल्ली घेतली. घरी येऊन ती माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहत होतो आणि या माणसाचं दार कुणी वाजवल्याचं मला आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मी दार वाजवू लागले. दाढीला साबण लावलेले काका दार उघडत आणि तसेच उभे राहत.

"पाहिलंस?"

"पाहिलं, काका."

मग ते खुशीत आत जात, वहीत लिहायला.