दोन्या कूकासाठी तमालेस

मेक्सिकन जेवणात अवघड असं काहीही नाही, हे मी कुवेतमध्ये भेटेल त्याला सांगत असे. त्यांची तोर्तिया म्हणजे आपली भाकरी, फ्रिहोलेस म्हणजे घेवड्याची उसळ आणि साल्सा म्हणजे टोमॅटोचा ठेचा. मग उरलं काय? मधला समुद्र आणि आडनावं!

हे ज्ञान मला वरच्या मजल्यावरून मिळालं होतं. नव्याण्णव साली आम्ही कुवेतच्या सलवा भागात राहायचो. मी हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन, माझी बायको विजया एका क्लिनिकमध्ये नर्स. आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये रमीरो आणि ओफेलिया हे मेक्सिकन जोडपं. रमीरो तेलविहिरींवर इंजिनिअर, त्यामुळे अर्धा महिना वाळवंटात. ओफेलिया एकटी कंटाळायची आणि खाली येऊन बसायची. एकदा विजयाने तिला भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा दिला. आपल्या ठेच्याने परदेशी माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं ते तिखटामुळे. हिच्या आलं ते माहेरच्या आठवणीने. तिने विजयाला मिठीच मारली. तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलं. मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत दोघी तासन्‌तास बोलायच्या आणि मुख्य म्हणजे त्यांना एकमेकींचं कळायचं.

जानेवारीत एकदा ओफेलिया आली ती रडवेली होऊन. तिची सासू येणार होती. दोन्या कूका. दोन्या म्हणजे आपल्याकडे बाई म्हणतात तसं काहीतरी, फक्त जरा जास्त घाबरून म्हणायचं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांच्याकडे एक सण असतो आणि त्या दिवशी तमालेस करावेच लागतात. मक्याचं पीठ हलकं होईपर्यंत फेटायचं, आत लाल मिरचीतल्या कोंबडीचं सारण घालायचं आणि पानात गुंडाळून उकडायचं. सासूबाई नेमक्या सणाच्याच दिवशी विमानातून उतरणार होत्या. ओफेलिया गेली दोन वर्षं फोनवर त्यांना सांगत आली होती की कुवेतमध्ये सगळं अगदी घरच्यासारखं करते. प्रत्यक्षात ती तोर्तियासुद्धा डब्यातल्या पिठाच्या करायची.

विजया तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी मात्र हसलो. पानात गुंडाळून उकडायचं म्हणजे आमच्या पातोळ्याच की. दापोलीच्या माणसाला पातोळ्या शिकवायच्या? मी ओफेलियाला सांगून टाकलं की सामान मी आणतो, मका मी शिजवतो, तू फक्त सारण कर. विजयाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यात पुढची सगळी गोष्ट होती, पण मला ती वाचता आली नाही.

पानांचा प्रश्न चटकन सुटला. ओफेलियाच्या माहेरी केळीच्या पानातलेही तमालेस करतात, आणि केळीची पानं मल्याळी दुकानात मिळाली. वाळलेला मका एका इजिप्शियन माणसाच्या बकाल्यात मिळाला. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाला तिथे बकाला म्हणतात. त्याने तो कबुतरांसाठी ठेवला होता, पण कबुतरांना पचतं ते माणसालाही पचतं असं त्याचं म्हणणं पडलं. मग मी वाळवंटात रमीरोला फोन लावला आणि आणखी काय लागेल ते विचारलं. फोनवर मशीनचा धडधडाट. त्यातून तो ओरडला, "लाइम! लाइमशिवाय काही होणार नाही!"

लाइम म्हणजे लिंबू, एवढं इंग्रजी मला येतं. काही होणार नाही म्हणतोय म्हणजे भरपूर लागत असणार. मी भाजी मार्केटमधून दोन पेट्या लिंबं उचलली आणि घामाघूम होऊन वर नेऊन ठेवली. ओफेलियाला वाटलं पार्टी आहे. मी म्हटलं, मक्यात घालायला. ती मटकन खाली बसली. मग उठून तिने भिंतीवर वरखाली हात फिरवायला सुरुवात केली. भिंत दाखवायची, माझ्याकडे बघायची, परत हात फिरवायची. सासू येणार म्हणून घर रंगवून घ्यायचं असेल, असा मी अंदाज केला आणि ओळखीचा पेंटर आहे म्हणून सांगितलं. ती आणखी जोरात हात फिरवू लागली. शेवटी विजया पुढे झाली.

"अहो, ती चुना म्हणतेय. चुन्याची निवळी."

तेव्हा उलगडा झाला. चुन्याच्या पाण्यात शिजवल्याशिवाय मक्याची सालं सुटत नाहीत आणि पिठाचा गोळा बांधला जात नाही. इंग्रजांनी चुन्याला आणि लिंबाला एकच शब्द ठेवलाय, यात माझा काय दोष? पण विजयाला ते पटलं नाही. दोन पेट्या लिंबांचं लोणचं घालताना ती इंग्रजांना एक शब्द बोलली नाही, जे काय बोलली ते मलाच.

मी म्हटलं, अर्दियाला जातो, तिथे बांधकामाच्या सामानाची गोदामं आहेत, गोणीभर चुना आणतो. म्हातारीला भिंतीचा चुना खायला घालणार का, असं विजयाने विचारल्यावर तो विचार सोडला. खायचा चुना हवा होता. आणि कुवेतमध्ये खायचा चुना कुठे असतो, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी खैतानला गेलो, पुंडलिककडे.

पुंडलिक गुहागरचा सुतार. आमच्या स्वयंपाकघरातल्या फळ्या त्यानेच ठोकल्या होत्या. खैतानला एका खोलीत त्याच्यासारखे बरेच जण राहायचे, बायका-मुलं गावाला. गावाहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत तंबाखूबरोबर चुन्याच्या ट्यूबा असायच्या. मी गेलो तेव्हा सगळे जेवायला बसत होते. मी पुंडलिकच्या शेजारी बसलो आणि हळूच विचारलं की चुना मिळेल का. वाढणाऱ्याचा हात थांबला.

"कधीपासून, हरीभाऊ?" पुंडलिकने विचारलं.

मला वाटलं, कधीपासून शोधताय. म्हटलं, "कालपासून."

"किती लागतो?"

"एकदाच लागणार आहे, पण भरपूर."

"आणि वहिनींना ठाऊक आहे?"

"तिनेच तर पाठवलं."

पुंडलिकने कपाळाला हात लावला. मग कुणी उशीखालून, कुणी ट्रंकेतून ट्यूबा काढून दिल्या. पुंडलिकने स्वतःची खास ठेवणीतली दिली, गुलाबाच्या वासाची. जिन्यापर्यंत पोचवायला आला, तेव्हा माझा हात धरून म्हणाला, "साहेब, हा नाद बरा नाय. मी आता सोडायचं म्हणतोय तर तुम्ही लागलात." मी घाईत होतो. सोडशील, सोडशील म्हणून निघालो.

दुसऱ्या दिवसापासून घरी फोन सुरू झाले. माझ्या हॉस्पिटलातल्या लोकांचे, तिथल्या मराठी मंडळातल्या लोकांचे, आणि ज्यांनी आम्हाला कधी हळदीकुंकवालाही बोलावलं नव्हतं त्यांचेसुद्धा. सगळ्यांना विजयाशीच बोलायचं होतं. धीर सोडू नका, माणूस मुळात चांगला आहे, असं जो तो तिला सांगत होता. सासू ओफेलियाची येणार आणि धीर हिला कशाला देतात, हे तिला कळेना.

सणाच्या आदल्या संध्याकाळी मी आमच्या स्वयंपाकघरात मका शिजत ठेवला. चुना किती घालायचा हे ओफेलियाने चमच्याने दाखवलं होतं, पण बायकांचा हात आखडता असतो म्हणून मी अंमळ सढळ घातला. गुलाबाची ट्यूबही पिळली. वास छान सुटला. मी खूश झालो. तेवढ्यात बेल वाजली. दारात मंडळाचे अध्यक्ष जयप्रकाश. हे दातांचे डॉक्टर, त्यामुळे कुणाशीही बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या तोंडाच्या आत असते. माझ्या हातात ट्यूब, बोटांना चुना आणि अंगाला गुलाबाचा वास. ते आत आले, त्यांनी मला दिव्याखाली खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "आ करा."

मी आ केला. त्यांनी खिशातून बॅटरी काढली. तोंड उघडं असल्यामुळे मला खुलासा करता येईना. आतून विजया येईपर्यंत माझे गाल आतून तपासून झाले होते. तिने त्यांना पातेलं दाखवलं. वरच्या बाईंच्या सासूसाठी मका शिजवतोय, त्यात घालायला चुना आणला, असं सांगितलं. जयप्रकाशांनी बॅटरी पातेल्यात मारून बघितलं. मग म्हणाले की तंबाखू परवडली असती. जाता जाता मात्र माझी दाढ किडल्याचं सांगून गेले.

सकाळी सालं सुटली होती. मी मका धुतला, म्हणजे मला धुतल्यासारखा वाटला. विजयाच्या मिक्सरने तो दळताना घाटात चढणाऱ्या एस.टी.सारखा आवाज काढला, पण दळला. डुकराची चरबी कुवेतमध्ये मिळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून डालडा घालून मी पीठ फेटलं. ओफेलियाने सारण आणलं, दोघींनी पानांत पुड्या बांधल्या आणि विजयाच्या मोदकपात्रात रचल्या. रमीरो वाळवंटातून थेट विमानतळावर आईला आणायला गेला होता.

वाफ आली आणि ओफेलियाच्या नाकपुड्या हलल्या. तिने झाकण उचललं, वास घेतला आणि झाकण ठेवलं. परत उचललं. विजयाला तिने काहीतरी विचारलं, विजयाने माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघरात कुणीतरी नुकतंच आंघोळ करून गेल्यासारखा वास भरला होता. मी म्हटलं, आमच्याकडे गोडात केवडा घालतातच की. ओफेलिया स्पॅनिशमध्ये जे बोलली ते सुदैवाने कुणी मला सांगितलं नाही. दुसरं काही करायला वेळच नव्हता. खाली गाडी थांबली होती, म्हणून मोदकपात्र तसंच उचलून आम्ही वर ओफेलियाकडे गेलो.

दोन्या कूका उंचीने विजयाच्या खांद्याला लागत होत्या, पण त्या आत आल्यावर दिवाणखाना लहान वाटायला लागला. काळे कपडे, घट्ट अंबाडा. त्यांनी सुनेच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, पडदे पाहिले, टेबल पाहिलं, मला पाहिलं, आणि बसल्या. ओफेलियाने ताट पुढे ठेवलं. त्यांनी पान उलगडलं. गुलाबाचा भपकारा थेट माझ्यापर्यंत आला. त्यांनी एक घास घेतला. चावला. थांबल्या. पुन्हा एक घास घेतला. ओफेलियाने विजयाचा हात घट्ट धरला होता. एका साध्या पोरीची दोन वर्षांची अब्रू त्या घासात होती, आणि तिच्यात चुना मी कालवला होता. त्या क्षणी मला खरोखर वाईट वाटलं.

दोन्या कूकांनी तिसरा घास गिळला, डोळे पुसले आणि मुलाला काहीतरी सांगितलं. ते ऐकून ओफेलिया हसली आणि धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. मी रमीरोला विचारलं की काय म्हणाल्या.

"म्हणाली, अगदी माझ्या सासूच्या हातचे लागतात."

मी ताठ बसलो. बाहीवरचं पीठ झटकलं. विजयाकडे बघून भुवई उडवली. "बघ," म्हटलं, "दापोलीचा हात."

रमीरो माझ्या कानाशी वाकला. "माझ्या आजीला आणि आईला एकमेकींचं तोंड बघवत नव्हतं," तो कुजबुजला. "आई अजून सांगते, म्हातारी तमालेस करायची ते साबण खाल्ल्यासारखे लागायचे."

"मग ओफेलिया खूश का झाली?"

"लग्नानंतर आईने पहिल्यांदाच तिच्याबद्दल वाईट बोलायचं टाळलं, म्हणून."

दोन्या कूका उठल्या आणि त्यांनी बॅग उघडायला लावली. आत कपडे थोडे आणि मक्याचं पीठ फार. चुन्यातून काढून, वाळवून, दळून तयार केलेलं. तमालेस बांधायला कणसांची वाळलेली सालं, मिरच्या, सगळं होतं. सुनेला परदेशात हे मिळत नसणार, हे त्यांनी दोन वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. फोनवर बिचारी थापा मारतेय तर मारू दे, असं म्हणून त्या गप्प होत्या.

मग ओफेलियानेही त्यांना माझ्या चुन्याची सगळी हकिकत सांगून टाकली आणि दुसऱ्या दिवशी खरे तमालेस करायचे ठरले. मी सकाळीच वर हजर झालो. म्हटलं, आता दोन्ही पद्धती माहीत असलेला माणूस इमारतीत मी एकटाच. दोन्या कूकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या गळ्यात एप्रन अडकवला, मागून गाठ मारली आणि खांद्याला धरून बेसिनसमोर नेऊन उभं केलं. तिथे भांड्यांचा ढीग होता. मग प्रेमाने माझा गाल थोपटत काहीतरी बोलल्या. मी रमीरोकडे पाहिलं.

"आई म्हणते," तो म्हणाला, "साबणाला तुमचा हात चांगला आहे."