वच्छलाबाईंची कोरी भिंत

धुळ्यात रंग फासणारे पेंटर पुष्कळ, पण जागा मोकळी सोडणारा एकच, असं जीवराम पेंटरने आग्रा रोडवरच्या चहाच्या टपरीवर चारचौघांत जाहीर केलं, तेव्हाच कुणीतरी त्याच्या हातातला ब्रश काढून घ्यायला हवा होता. तसं करणारं माणूस भेटलं नाही, हे त्याचं नशीब. आणि वच्छलाबाईंचंही.

झालं होतं असं, की एकोणनव्वद साली तो साडूकडच्या लग्नाला पुण्याला गेला आणि साडूने त्याला जाहिरातींच्या प्रदर्शनात नेलं. तिथे एक चष्मेवाले सर समजावून सांगत होते. डोळा आधी उठून दिसणाऱ्या रंगाकडे जातो, मग रेघ नेईल तिकडे जातो, आणि भोवती कोरी जागा असली की एवढीशी वस्तूही मोठी वाटते. जीवराम गारच पडला. तोवर त्याचा हिशेब साधा होता, बोर्डावर वीतभर जागा उरली की तिथे गुलाब काढायचा. आपण आयुष्यभर नुसते गुलाबच काढले, या विचाराने त्याला परतीच्या एस.टी.त झोप लागली नाही.

नेमकं त्याच आठवड्यात वच्छलाबाईंचं काम आलं. या बाई मूळच्या चोपड्याच्या. अकरा वर्षं होस्टेलच्या मेसमध्ये राबल्या, पण पोरं नाव घ्यायची ते मालकाचं. आता स्टँडमागच्या गल्लीत त्या स्वतःची खानावळ काढणार होत्या, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर. खानावळ आत, रस्त्यावरून दिसायची नाही. म्हणून गल्लीच्या तोंडाशी शकीलच्या सायकलच्या दुकानाची वीस फुटी भिंत मागून घेतलेली. त्या भिंतीवर आपलं नाव लागावं, येणाऱ्याजाणाऱ्याने ते वाचून आत यावं, एवढीच बाईंची इच्छा होती. शेवभाजीचं वाफाळतं ताट काढा आणि नाव चांगलं ठळक घाला, असं त्यांनी तीनतीनदा सांगितलं होतं.

जीवरामने अख्ख्या भिंतीला पांढरा हात मारला. खाली कोपऱ्यात तळहाताएवढी लाल मिरची काढली, तिचं टोक गल्लीकडे. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘वच्छलाबाईंची खानावळ, आत गल्लीत’. आणि ब्रश धुतला.

बाईंनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"भाऊ, बठ्ठं कोरंच शे."

"अक्का, सगळं कोरं, तीच तर खरी गंमत. नजर कशी सरळ मिरचीवर जाते बघा."

बाई बिचाऱ्या आत निघून गेल्या. शिकून आलेला माणूस, त्याला काय सांगणार?

आखाजीच्या दिवशी जीवराम सकाळीच समोरच्या फुटपाथवर येऊन उभा राहिला. एस.टी.तून माणसं उतरत होती, भिंतीपाशी थांबत होती, वाकून वाचत होती. नजर जात होती! मग ती शकीलशी दोन शब्द बोलायची आणि पुढे निघून जायची. गल्लीत मात्र कुणी शिरेना. बारा वाजले, एक वाजला, तेव्हा जीवरामने रस्ता ओलांडला आणि शकीलला विचारलं, लोक काय म्हणतात.

"खानावळीचंच विचारतात," शकील पंपावरचा हात न काढता म्हणाला. "मी बठ्ठ्यांना सांगितलं, पेंटरने अजून भिंत धरून ठेवलीय नुसती. चित्र झालं की या."

जीवरामने वळून भिंतीकडे पाहिलं. बियाणेवाल्याची असो की सिमेंटवाल्याची, भिंत धरायची म्हणजे पांढरा हात मारायचा आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात मालकाचं नाव टाकायचं, चित्र मागाहून. ही रीत सगळ्या जिल्ह्याला पाठ होती. जीवरामने स्वतः अशा शेकडो भिंती धरल्या होत्या. पुण्याच्या सरांना हे ठाऊक नव्हतं, पण याला तर होतं ना? शकीलला काय दोष द्यायचा? त्याने आपल्या परीने मैत्रीच निभावली होती.

तो खाली मान घालून गल्लीत गेला. पन्नास माणसांची शेवभाजी गार होत पडली होती. वच्छलाबाईंनी बसायला पाट दिला, ताट वाढलं. मोठं लख्ख ताट, आणि कोपऱ्यात बोरभर लाल ठेचा. बाकी काही नाही.

"भाऊ, नजर जास ना?"

जीवरामने तो ठेचा खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाचंच होतं, असं तो सांगतो. बाईंचा मुहूर्त आपण खाल्ला हे त्याला कळत होतं, आणि गेलेला दिवस काही रंगवून परत आणता येत नव्हता.

त्याच दुपारी, आखाजीच्या उन्हात, तो शिडीवर चढला. तीन दिवसांत त्याने ताट काढलं, वाफ काढली, कळण्याची भाकरी, कांदा, लिंबू, पुरुषभर उंचीचं नाव, आणि उरलेल्या जागेत गुलाब. कोपऱ्यात सहीपुरती हातभर जागा सवयीने कोरी राहिली, पण तिथे स्वतःचं नाव लिहायला त्याचा हात धजला नाही.

जागा फुकट जातेय म्हणून शकीलने ती वापरली. मधोमध बारीक अक्षरात लिहिलं, ‘पंक्चर काढून मिळेल’.

पुढे खानावळ छान चालली. आता स्टँडवर कुणालाही विचारा, चटकन पत्ता सांगतील. फक्त तिला वच्छलाबाईंची म्हणत नाहीत. म्हणतात, पंक्चरवाली खानावळ. सर बरोबर होते, नजर तिथेच जाते. जीवराम मात्र आजही त्या भिंतीवरून जाताना तोंड पलीकडे करून जातो.