वेशीअलीकडचे तुळशीरामजी

वैशाखाच्या उन्हात घाटंजीतला शहाणा माणूस दाराला ओलं पोतं टांगून आत पडून राहतो. आमचे शेजारी तुळशीरामजी मात्र नेमके याच दिवसांत सहकुटुंब डोंगर चढायला निघत. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला फेटा, काखेत छत्री. मागे पाण्याची छागल घेतलेली बायको आणि लेकरांची रांग. त्या डोंगरावर देऊळ नाही, झरा नाही, आणि उन्हाळ्यात सागाला पान राहत नसल्यामुळे सावलीही नाही. "कायले जाता?" असं कुणी विचारलं, की ते म्हणत, "हवा खायले!" त्या दिवसांत आमच्याकडे हवा खायची म्हणजे भट्टीपुढे तोंड उघडून बसायचं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी बदली होऊन घाटंजीच्या शाळेत आलो होतो. मला माणसांची चौकशी फार. आमची ही म्हणायची, "लोकांच्या घरात नाक खुपसायला सरकार पगार देत नाही." पण शेजार असा मिळाल्यावर माझा इलाज नव्हता.

तुळशीरामजी शब्दाचे पक्के. "मर्दाचा शब्द हाय गुरुजी, वांग्याचं भरीत नाही," असं ते येताजाता ऐकवत. एकदा मिशीवरून गावातल्या न्हाव्याशी वाजलं. तेव्हापासून ते केस कापायला आर्णीला जात, आणि जाणं जमलं नाही की जटा वाढवून हिंडत. एकदा बायकोवर, म्हणजे आमच्या शेजारच्या काकूंवर, चिडून म्हणाले, "या घरात चहा घेईन त सांगजो!" दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं ठणकायला लागलं. मग कपबशी घेऊन अंगणात आले आणि मलाच विचारू लागले, "काहो गुरुजी, आंगन काही घरात मोजत नाही ना?" त्यानंतर भर पावसातही ते छत्री धरून अंगणात चहा पीत.

पण त्यांचा एक शब्द काकूंना फार महागात पडला होता. तुळशीरामजींच्या सासरवाडीला लग्न होतं. पंगत बसली आणि गडबडीत त्यांचा साळा, म्हणजे काकूंचा एकुलता एक भाऊ विठोबा, जावयाला बोलवायचंच विसरला. झालं! तुळशीरामजी उपाशीपोटी उठले, "पुन्हा या गावच्या वेशीत पाय ठेवणार नाही," म्हणाले. विठोबाही त्याच मातीतला. "मीबी तुमच्या वेशीत येणार नाही," म्हणाला. तेव्हापासून अक्षय तृतीयेला गावभरच्या लेकी माहेरी जात, पण काकूंना न्यायला कुणी येत नसे. न्यायला आल्याशिवाय त्या तरी कशा जाणार? हे सगळं त्यांनी आमच्या हिला सांगितलं होतं.

एका उन्हाळ्यात तुळशीरामजींनी मलाही विचारलं, "चलता का?" मी एका पायावर तयार झालो. वाळक्या पानांवरून कुरकुर करत, घाम पुसत आम्ही माथ्यावर पोचलो. पलीकडे पायथ्याला कौलारू घरं दिसत होती. "ते माहं माहेर," काकू म्हणाल्या. तेवढ्यात त्या बाजूने एक जाडा माणूस धापा टाकत बायकोपोरांसह वर आला. तो विठोबा!

माथ्यावर मोहाचं एकच झाड होतं. तुळशीरामजी त्याला टेकून घाटंजीकडे तोंड करून बसले. विठोबा त्याच झाडाला मागून टेकला, आपल्या गावाकडे तोंड करून. बहीण-भाऊ भेटले, नणंद-भावजयीने गाठोडी सोडली, पोरं टेंभुर्णीची पिकली टेंभरं शोधत पांगली; तुळशीरामजींची थोरली लेक तेवढी झाडापाशी राहिली.

"पोरी, तुह्या मामाले इचार, पऱ्हाटी कशी झाली, कापूस किती निंघाला?"

"बाई, सांग तुह्या बापाले, बरी झाली."

मधे फक्त झाडाचा बुंधा! मला हसू आवरेना. मी काकूंना हळूच विचारलं, "ही युक्ती कुणाची?"

"यायचीच," काकू नवऱ्याकडे बोट दाखवून, पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "मी रडून राह्यली होती. हे म्हणाले, चाल, हवा खायले. डोंगर कोणाच्याच वेशीत येत नाही. अन् भावाले निरोपबी यायनंच धाडला."

पुढच्या वर्षीही आम्ही चढलो. पण पलीकडून कुणीच आलं नाही. ऊन डोक्यावर आलं. काकू पायवाटेकडे बघत उभ्याच होत्या. गाठोडं कुणी सोडलं नाही.

"आले का?" तुळशीरामजींनी मागे न बघता विचारलं.

"नाही."

जरा वेळाने पुन्हा, "आले का व?"

तुळशीरामजी उठले, वळले, आणि छत्री उघडून पलीकडची उतरण उतरू लागले.

"अवो, तिकडं वेस लागन ना!"

"लागू दे."

आम्ही सगळे मागोमाग निघालो. मला त्या माणसाविषयी इतकी माया कधीच वाटली नव्हती.

विठोबा अंगणात बाजेवर पडला होता. बैलबंडीवरून पडून पाय मोडला होता, त्याला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. निरोप द्यायला माणूस पाठवायचं त्या धांदलीत राहून गेलं होतं. जावयाला पाहून तो धडपडत उठायला लागला. "जवाईबापू, मी येणारच होतो, पण हा पाय..."

तुळशीरामजींनी त्याचा खांदा धरून त्याला खाली निजवलं. बाजेच्या कडेवर बसून फेट्याच्या शेवाने घाम पुसला, मग डोळे पुसले.

"तू नको चढू आता, इठोबा," ते म्हणाले. "मीच खाली येत जाईन."