एका मिनिटाचा राजा

टेकचंदले यंदाही मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या नाटकात राजाच बनाचं होतं. तीन साल तोच राजा. पन मागच्या साली सिंहासनावरून उठता उठेना, तं दोन शिपायायनं ओढून काढलं (शिपाई दुश्मनाच्या फौजेचे होते, ते वेगळं). लोकं एवढे हासले का लढाईत मेलेला परधानही हासला.

म्हनून यंदा दंडार मंडळाचे भैय्याजी म्हने, "टेकचंद, प्लँक म्हनून कसरत हाये. एक मिनिट सरळ राहून दाखव माह्यासमोर. नाही तं राजा हेमराज."

हेमराज म्हनजे टेकचंदचा साळा. टेकचंदले मरन चाललं असतं, पन साळ्याले मुजरा करनं? नाही चालत.

आठ दिस तो आंगनात उपडा पडला. नवव्या दिवशी सकाळी भैय्याजी घड्याळ घेऊन आले.

पोरगी खुशबू मोबाईल पाहून सांगे, "बाबा, कोपर खांद्याच्या खाली. पोट आत."

"आतच हाये."

"मंग हे काय लोंबून रायलं?"

"ते जास्तीचं हाये."

बायको कौशल्या म्हने, "अजी, कमर उंटावानी वर चालली तुमची. थांबा." तिनं पान्यानं भरला गडवा पाठीवर ठेवला. "सांडलं तं वाकडं."

तीस सेकंद झाले. नाकासमोरून मुंगी गेली, वापस आली, सोबतीन घेऊन आली. पन्नासले आंग राइस मिलच्या चाळनीवानी हालाले लागलं, पन पानी थेंबभर सांडलं नाही. दात असे आवळले का दरद दिसे.

तेवढ्यात शेजारची बेबीबाई विरजन मांगाले आली. बेबीबाई पायाळू, जन्मताच आंधी पाय आले. कोनाची कमर चमकली का तिनं लाथ माराची न चमक जायाची. अख्खा वार्ड तिच्या टाचेनं सरळ केलेला.

"माय वं, भाऊची कमर धरली न तुमी पान्यानं उतरवून रायले? मले आवाज देता नाही आला?"

"अवं बेबी, थांब..." कौशल्या म्हने.

टेकचंदले बोलाचं होतं, पन बोललं तं दम सुटे. बेबीबाईनं गडवा बाजूले ठेवला, पदर खोचला.

"छप्पन," भैय्याजी म्हने.

सत्तावनले टाच पडली.

टेकचंदले जन्मात चमक भरली नव्हती, ते तवा भरली. विळ्यावानी वाकला.

"दुसरी हाना लागते, दुसऱ्या बाजूनं," बेबीबाई म्हने.

भैय्याजीनं तिले अडवलं. टेकचंदले पुढून पाह्यलं, मांगून पाह्यलं.

"थांब बाई. कुबड्या दासीचा पार्ट कोनी घेऊन नाही रायलं. मंडई होईपर्यंत याले कोनी लाथ मारू नोका."

मंडईत हेमराज राजा झाला. टेकचंद कौशल्याचं लुगडं नेसून त्याले पंखा घालत होता. खेळ सरला तशी बेबीबाई स्टेजवर चढली न राह्यलेली दुसरी लाथ हानली. कमर खाडकन सरळ. साऱ्या खेळात जेवढ्या टाळ्या नाही पडल्या, तेवढ्या तवा पडल्या.

मांगून कोनीतरी वरडलं, "वन्स मोर."

आवाज कौशल्याचा होता.