उभा की आडवा

साहेबलोकहो, दोष तुमचाच आहे, उगाच इकडेतिकडे बघू नका. गुप्त कागद नष्ट कसे करावेत यावर तुम्ही सतरा पानी परिपत्रक काढलेत. कायदा, कलमे, दंड, सगळे ठासून भरलेत. यंत्रात कागद कोणत्या बाजूने सारायचा, एवढेच त्यात लिहायचे राहिले. आणि सापडला कोण? दवाखान्याच्या नोंदी सांभाळणारे कुलूपकाका.

हे नाव गल्लीने ठेवलेले. तीस वर्षांत कुणाचा साधा खोकलासुद्धा त्यांच्या तोंडून बाहेर पडला नव्हता. बायकोने खोदून खोदून विचारले तरी उत्तर एकच, "मला काय ठाऊक?" गल्लीतली त्यांची सगळी पत यावर उभी होती.

कागदाच्या पट्ट्या कापणारे यंत्र आले. जुने केसपेपर वहीच्या पानाएवढे, यंत्राचे तोंड ऐसपैस. कागद उभा घातला की ते रेंगाळे, आडवा घातला की घटकेत गिळून टाकी. काकांनी आठ हजार कागद आडवे घातले. डॉक्टरांनी 'नष्ट झाले' असा दाखला सही करून दिला. नष्ट झालेली वस्तू ठेवायची कुठे, हे कुठल्याच कलमात नव्हते. तेव्हा पट्ट्यांची सहा पोती काकांनी घरी नेली. बायको कप रंगवून विकायची, तिला खोक्यांत भरायला काहीतरी हवेच होते.

चौथ्या दिवशी शिंपी दारात. हातात खोके, चेहरा लालबुंद.

"काका, सहा कपांवर माझी मूळव्याध फुकट वाटताय का?"

"कसली मूळव्याध? मला काय ठाऊक?" काका सवयीने म्हणाले.

शिंप्याने पट्टी वाचली, "'शिंपी, वय बावन्न, मूळव्याध, उशी घेऊन बसावे.' सासूबाईंनी उघडलं हो खोकं! चष्म्याशिवाय वाचलं त्यांनी!"

काकांनी पट्टी ओढून घेऊन उजेडात धरली. आडवा कागद, आडव्या ओळी, प्रत्येक पट्टीत एक अख्खी ओळ! यंत्राने गुपिते कापली नव्हती, वाटायला सोपी करून दिली होती.

ते धावत आत गेले. बायको पोत्यापाशीच बसली होती.

"अहो, 'बायको बोलू लागली की डावा कान बंद होतो,' हा रुग्ण कोण?"

"मला काय ठाऊक?"

"सुरुवातीला 'आपले नोंदणी कारकून' असं लिहिलंय."

काकांचा डावा कान बंद झाला.

नंतर दोघांनी गल्ली पालथी घातली. बारा खोक्यांपैकी नऊ परत मिळाली. उरलेल्या तिनांचा बोभाटा परिपत्रकवाल्या साहेबांपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी ते घरीच आले, निलंबनाचा कागद घेऊन.

"तीस वर्षं नोकरी केलीत आणि यंत्राचं माहितीपत्रक वाचलं नाहीत?"

"त्याच्यावर तुमचा शिक्का होता, साहेब. 'गोपनीय, न वाचता नष्ट करावे.' यंत्रात पहिला कागद तोच घातला."

"पुरावा काय?"

"आहे की," बायको म्हणाली. तिने तळाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि शोधून शोधून तीन पट्ट्या टेबलावर मांडल्या. 'यंत्र वापरण्याबाबत सूचना.' 'कागद उभाच घालावा, आडवा घातल्यास ओळी वाचता येतात.' तिसरीवर शिक्का, आणि शेजारी साहेबांची झोकदार सही, शेपटीसकट शाबूत.

साहेबांनी निलंबनाच्या कागदाची घडी केली, खिशात टाकली.

"या पट्ट्या... नष्ट करून टाका."

"करतो की. फक्त लेखी द्या. उभ्या घालू की आडव्या?"

साहेब चप्पल अर्धवट पायात सारून निघाले.

याला दोन महिने झाले. पोती काकांच्या खाटेखाली आहेत. डाव्या कानाची पट्टी बायकोने आरशाला चिकटवली आहे. शिंपी आता उशी चारचौघांत झटकून ठेवतो, सासूने त्याला दुसरी शिवून दिली. नोकरी वाचली, पण गल्ली कुलूपकाकांना आता चाळणीकाका म्हणते.

तर साहेबलोकहो, तो शिक्का न वाचता मारला कोणी? उत्तर द्या. आणि उत्तरावर तरी शिक्का मारू नका.